मासेमारी नौकेवरील बॅटरी आणि तिच्या भरणाची व्यवस्था : एक आढावा

कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची जागा डिझेल इंजिनाने घेतली, हे स्थित्यंतर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले आणि त्याच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चाही पुष्कळ झाली. परंतु त्या इंजिनाच्या आश्रयाने नौकेवर जी दुसरी शक्ती आली तिच्याकडे, म्हणजे विजेकडे, तितक्या आस्थेने पाहिले गेले असे म्हणवत नाही. सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवण येथून आज जी यांत्रिक नौका समुद्रात जाते तिचे इंजिन सेल्फने सुरू होते, तिचे मार्गदीप रात्रभर जळतात, तिचा तांडेल जी.पी.एस.वर आपले ठिकाण पाहतो, फिशफाइंडरवर तळाचा अदमास घेतो आणि वायरलेसवरून शेजारच्या नौकेशी बोलतो. मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या केंद्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघर येथे झाला, तेव्हापासून संकटाची वर्दी उपग्रहामार्फत किनाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची तजवीजही या यादीत दाखल झाली आहे. या साऱ्या साधनांचा भार अखेरीस एका बॅटरीवर पडतो, आणि ती बॅटरी मात्र वर्ष-दोन वर्षांत निकामी झाली की नाखवा ती बदलतो, विक्रेत्याला दोष देतो आणि नवी बॅटरी त्याच जुन्या तारांना जोडून पुन्हा समुद्रात जातो. बॅटरीच्या अकाली मृत्यूची कारणे बहुधा तिच्या पेटीबाहेर, तिला भरणाऱ्या व्यवस्थेत असतात, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि ते पटवून देण्यासाठी या व्यवस्थेच्या सर्व अंगांचा क्रमाने विचार करणे प्राप्त आहे.

शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली सिद्ध केली आणि १८८१ साली कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर लेप देण्याची युक्ती काढून तिला व्यवहारोपयोगी रूप दिले. त्यानंतर बांधणीत पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी आतली मूळ रासायनिक क्रिया अद्यापि तीच आहे. एक पट्टी शुद्ध शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल. वीज काढली जात असता दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचत जाते आणि आम्ल पाणचट होत जाते. वीज भरली की सल्फेट विरघळून आम्ल पूर्ववत् दाट होते. म्हणूनच हायड्रोमीटरने मोजलेले आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हा बॅटरीच्या स्थितीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय: भरलेल्या बॅटरीत ते उत्पादकाने ठरवल्याप्रमाणे १.२४ ते १.२८ च्या दरम्यान असते आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या आसपास येते. काही तास विसावलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावला असता १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, असा ठोकताळा धरण्यास हरकत नाही. मात्र ते सल्फेट दीर्घकाळ पट्टीवर तसेच राहू दिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीही वीज भरली तरी ते विरघळत नाहीत. अर्धवट भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या बॅटरीचा ऱ्हास होतो तो या मार्गाने.

येथेच आपल्या किनाऱ्यावरील दोन प्रकारच्या नौकांची प्रकृती परस्परांहून किती भिन्न आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. गिलनेटवाली नौका सायंकाळी जाळे सोडते, इंजिन बंद करते आणि रात्रभर जाळ्यासोबत वाहत राहते. त्या काळात दिवे, वायरलेस आणि इतर उपकरणे केवळ बॅटरीवर चालतात, आणि पहाटे त्याच थकलेल्या बॅटरीला इंजिन सुरू करण्याचा सर्वांत मोठा झटका सोसावा लागतो. उलटपक्षी ट्रॉलरचे इंजिन जाळे ओढताना तासन् तास एकसारखे चालते. तिथे भरणाला वेळेची कमतरता नसते, पण इंजिनाशेजारी तापलेल्या जागेत ठेवलेली बॅटरी गरजेपेक्षा अधिक दाबाने भरली जाऊन तिचे पाणी उडते आणि पट्ट्या झडतात. पहिलीचा रोग अपुऱ्या भरणाचा, दुसरीचा अतिभरणाचा; आणि दोघींना एकच वायरमन एकच उपाय सांगतो, ही आपल्याकडील मुख्य अडचण आहे. सबब कोणतेही साहित्य विकत घेण्यापूर्वी आपल्या नौकेचा दिनक्रम कागदावर मांडणे हे पहिले कर्तव्य ठरते.

ही मांडणी म्हणजे दुकानाच्या खतावणीसारखा सरळ जमाखर्च आहे, आणि त्यात खर्चाची बाजू आधी लिहावयाची असते. उदाहरणादाखल एक मध्यम गिलनेट नौका घेऊ. एल.ई.डी.चे मार्गदीप व कामाचा दिवा मिळून दोन अँपिअर, बारा तास, म्हणजे चोवीस अँपिअर-तास, वायरलेस केवळ ऐकण्याच्या स्थितीत अर्धा अँपिअर, चोवीस तास, म्हणजे बारा, जी.पी.एस. आणि फिशफाइंडर मिळून दीड अँपिअर, सोळा तास, म्हणजे चोवीस, ट्रान्सपाँडरसाठी बारा, केबिनमधील दिवा आणि मोबाइल भरणे यांचे आठ, आणि तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचे पाच. एकूण बेरीज पंचाऐंशी अँपिअर-तास होते. प्रत्येक उपकरणाचा खरा आकडा त्याच्या पाटीवरून किंवा मीटरने मोजून घ्यावा, कारण पंचवीस वॅटचा वायरलेस बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो आणि जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब असतील तर दिव्यांचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, हा सर्वमान्य नियम लावला तर पंचाऐंशीच्या खर्चाला एकशे सत्तर, आणि वयोमानाने होणारी घट जमेस धरता दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी लागते. शिवाय भरताना काही वीज वाया जाते, म्हणून पंचाऐंशी परत मिळवायला सुमारे शंभर अँपिअर-तास आत घालावे लागतात. हा हिशेब न करता घेतलेली बॅटरी, ती कितीही नामांकित कारखान्याची असली तरी, रोजच्या तुटीतच दिवस काढणार.

आता जमेची बाजू. तिचा मुख्य आधार इंजिनावरील आल्टरनेटर होय. जुन्या इंजिनांवर डायनामो असे आणि मंद गतीत तो जवळजवळ काहीच देत नसे. आल्टरनेटरने ती उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. तथापि त्याच्यावर लिहिलेला आकडा हा वेगाने फिरणाऱ्या आणि थंड असलेल्या यंत्राचा असतो. मंद गतीत आणि तापल्यावर त्याचे उत्पन्न बरेच घटते, आणि साध्या अरुंद पट्ट्याला शंभर अँपिअरच्या पुढचे काम झेपत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट नियामकाची आहे. मोटारगाडीसाठी घडवलेल्या आल्टरनेटरमधला नियामक चौदा व्होल्टच्या आसपास एकच दाब कायम ठेवतो, कारण गाडीची बॅटरी सेल्फपुरती थोडी खर्ची पडते आणि लगेच भरून निघते. नौकेच्या खोल उतरलेल्या बॅटरीची गरज तीन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात ती जितका प्रवाह सोसेल तितका, साधारणतः तिच्या क्षमतेच्या एक-पंचमांशापर्यंत, द्यावयाचा. दुसऱ्या टप्प्यात दाब १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर धरून प्रवाह आपोआप कमी होऊ द्यावयाचा. आणि ती भरली की तिसऱ्या टप्प्यात दाब १३.२ ते १३.६ पर्यंत उतरवून ती केवळ राखावयाची. पहिल्या टप्प्यात ऐंशी टक्क्यांपर्यंतची मजल लवकर मारता येते, पण शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. तासभर इंजिन चालवून बॅटरी भरली असे समजणाऱ्याची बॅटरी त्या शेवटच्या हिश्शाला कायमची मुकते, आणि सल्फेटचे स्फटिक नेमके तिथेच घर करतात.

म्हणून जिच्यावर रात्रीचा भार मोठा आहे अशा नौकेवर आल्टरनेटरला बाहेरून जोडण्याचा तीन टप्प्यांचा नियामक बसवणे हितावह आहे, आणि त्या नियामकाला बॅटरीचे तापमान कळवणारी तार असणे अगत्याचे आहे. कारण उष्ण बॅटरीला कमी दाब पुरतो: पंचवीस अंश सेल्सिअस हे प्रमाण धरले तर प्रत्येक अंशाच्या वाढीमागे बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे पंचवीस मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. मे महिन्यात ट्रॉलरच्या इंजिनघरात पंचेचाळीस अंश तापमान असेल, तर १४.४ व्होल्टच्या जागी १३.९ हा दाब योग्य ठरतो. ही अर्ध्या व्होल्टची तफावत क्षुल्लक नव्हे, कारण ट्रॉलरच्या बॅटरीचे पाणी उडते ते तिच्यामुळेच. आणखी एक खबरदारी अशी की इंजिन चालू असताना बॅटरीची तार कदापि सोडू नये. त्या क्षणी दाब एकदम उसळून आल्टरनेटरमधील डायोड जळतात.

पुढचा प्रश्न बॅटरी एक असावी की दोन, हा. प्रस्तुत लेखकाचे मत निःसंदिग्ध आहे: इंजिनाच्या सेल्फची बॅटरी वेगळी आणि दिवे-उपकरणांची वेगळी असलीच पाहिजे, कारण रात्रीच्या दिव्यांनी पहाटेचे इंजिन बंद पाडावे ही परिस्थिती समुद्रात प्राणावर बेतू शकते. दोन्ही बॅटऱ्या एकाच आल्टरनेटरवर भरण्याचे मार्ग तीन आहेत. हाताने फिरवण्याचा निवडक स्विच स्वस्त आणि भक्कम असतो, पण तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहतो. डायोडचा विभाजक आपोआप काम करतो, परंतु साध्या डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाया जात असल्याने दोन्ही बॅटऱ्या अर्धवटच भरतात. तिसरा मार्ग दाब ओळखणाऱ्या रिलेचा: इंजिन चालू होऊन दाब १३.३ व्होल्टच्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दाब १२.८ पर्यंत उतरला की त्यांना विभक्त करतो. सामान्य मासेमारी नौकेला हाच मार्ग खर्चाच्या व खात्रीच्या दृष्टीने सर्वांत श्रेयस्कर वाटतो.

मोठ्या ट्रॉलरांवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टची व्यवस्था असते, आणि तेथे एक चूक इतकी सर्रास आढळते की तिचा स्वतंत्र उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बारा व्होल्टचा वायरलेस किंवा फिशफाइंडर चालवण्यासाठी त्या दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. ती बॅटरी रोज अधिक उतरते, तिची जोडीदार भरलेलीच राहते. परंतु आल्टरनेटर दोघींना मिळून अठ्ठावीस व्होल्टचा दाब देत असल्याने भरलेली बॅटरी उकळत राहते आणि रिकामी उपाशी राहते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात, आणि खापर फुटते ते कारखान्यावर. चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि त्याचा खर्च एका बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

तारांच्या जाडीचा विषय रुक्ष वाटेल, परंतु अनेक नौकांवरील सर्व दुखण्यांचे मूळ तेथेच सापडते. आल्टरनेटरपासून बॅटरी चार मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तार, तिचा छेद दहा चौरस मिलिमीटर आणि प्रवाह पन्नास अँपिअर, असे धरले तर तारेतच सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, आल्टरनेटरवर १४.४ व्होल्ट दिसत असताना बॅटरीला १३.७ च मिळतात आणि ती पूर्ण भरत नाही. तीच तार पस्तीस चौरस मिलिमीटरची घेतली तर हानी ०.२ व्होल्टवर येते. दिव्यांच्या तारांनाही हाच न्याय लागू आहे: तारेच्या बल्बला दहा टक्के दाब कमी मिळाला तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनी ट्रॉलरसाठी पांढऱ्यावर हिरवा व इतर मासेमारीसाठी पांढऱ्यावर लाल असे जे दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सक्तीचे केले आहेत, ते मोठ्या जहाजाला योग्य अंतरावरून दिसेनासे होतात. तार बारीक धाग्यांची आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते आणि एकसंध जाड तार इंजिनाच्या कंपनाने तुटते. लग यंत्राने दाबून बसवावेत व त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याचा शिरस्ता आता बंद व्हावयास हवा.

सूर्यप्रकाश हा जमेचा दुसरा स्रोत अलीकडे पुष्कळ स्वस्त झाला आहे आणि गिलनेट नौकेला तर तो वरदानच आहे, कारण आल्टरनेटरला न साधणारे शेवटचे वीस टक्के भरण्याचे काम तो दिवसभर, डिझेल न जाळता, मंदपणे करीत राहतो. केबिनच्या छपरावर दोनशे वॅटचे पॅनेल आडवे बसवले आणि कोरड्या ऋतूत दिवसाकाठी पाच तासांचे पूर्ण ऊन धरले, तर सर्व प्रकारची घट वजा जाता पन्नासहून थोडे अधिक अँपिअर-तास रोज पदरात पडतात. म्हणजे वरील हिशेबातील निम्म्याहून अधिक खर्च उन्हावर भागतो. पॅनेलवर डोलकाठीची किंवा वाळत घातलेल्या जाळ्याची सावली पडली तर उत्पन्न सावलीच्या प्रमाणापेक्षा फार अधिक घटते, आणि मिठाचा थर गोड्या पाण्याने पुसावा लागतो. आल्टरनेटर आणि पॅनेल एकाच बॅटरीला एकाच वेळी जोडण्यात धोका नाही. प्रत्येकाला स्वतःचा नियामक असावा आणि दोहोंचे अंतिम दाब सारखे ठरवलेले असावेत, एवढी अट पुरेशी आहे.

तिसरा स्रोत बंदरातील २३० व्होल्टची वीज. जेथे ती जेटीवर मिळत नाही तेथे बॅटरी काढून दुकानात भरायला देण्याची प्रथा आहे; ती वाईट नाही, पण साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरवर रात्रभर विसरलेली बॅटरी उकळून निघते, म्हणून तीन टप्प्यांच्या चार्जरचा आग्रह धरावा. नौकेवरच जोडणी घ्यावयाची असेल तर तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा स्विच अनिवार्य समजावा. किनाऱ्याच्या अर्थिंगमुळे नौकांचे पंखे व दांडे पाण्यातून एकमेकांशी विद्युत्संबंध जोडतात आणि धातू झिजू लागतो. कायम जोडणी असलेल्या नौकेला म्हणून विलगक ट्रान्सफॉर्मर हवा.

सुरक्षिततेच्या बाबतीत तीन गोष्टींत तडजोड नाही. भरणाच्या अखेरीस बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो; तो हलका वायू वर जात असल्याने बॅटरीच्या पेटीला माथ्याशी वाट ठेवावी. समुद्राचे पाणी आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन निर्माण होतो, म्हणून पेटी तळातल्या पाण्यापासून उंच आणि पट्ट्यांनी घट्ट आवळलेली असावी. तिसरी गोष्ट फ्यूजची. दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी लघुमंडलात क्षणार्धात हजारो अँपिअर सोडते आणि लाकडी नौकेला आग लावायला तेवढे पुरेसे असते, अमेरिकेतील ए.बी.वाय.सी. या संस्थेचे मानक फ्यूज बॅटरीच्या टोकापासून साधारण अठरा सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगते, आणि आपल्याकडेही तो नियम पाळण्यात कोणतीच अडचण नाही.

लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्यांविषयी हल्ली नाखवांकडून वारंवार विचारणा होते. त्या हलक्या असतात, ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरल्या तरी बिघडत नाहीत, अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी सल्फेटचा त्रास नाही आणि त्यांचे आयुष्य कित्येक पटींनी अधिक आहे. लिथियमच्या इतर प्रकारांच्या मानाने त्या आगीच्या दृष्टीनेही स्थिर आहेत. परंतु जुनी बॅटरी काढून त्या जागी ही बसवली म्हणजे झाले, हा समज घातक आहे. ही बॅटरी आल्टरनेटर देईल तेवढा सर्व प्रवाह सतत घेत राहते, त्यामुळे मंद गतीत आल्टरनेटर तापून जळतो. आणि तिच्यातील संरक्षक मंडलाने आकस्मिक संबंध तोडला तर डायोड जळण्याचा पूर्वोक्त प्रसंग ओढवतो. सेल्फची बॅटरी शिशाचीच ठेवावी, आल्टरनेटर तिला जोडावा, आणि तिच्यावरून प्रवाह मर्यादित करणाऱ्या चार्जरमार्फत लिथियमची बॅटरी भरावी, ही आज सर्वांत निर्धोक रचना होय.

उरला पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ असतो आणि नौका किनाऱ्यावर विसावतात. वापर नसतानाही बॅटरी आपोआप उतरत असते आणि उष्ण हवेत अधिक वेगाने उतरते. नौका ओढण्यापूर्वी तिला पूर्ण भरावे, तारा सोडवाव्यात, दरमहा मीटर लावावा आणि १२.४ व्होल्टच्या खाली दिसताच पुन्हा भरावे. असे केले नाही तर नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून निघणाऱ्या नौकेच्या बॅटरीत त्या दोन महिन्यांचे सल्फेट कायमचे ठाण मांडून बसलेले असते. एरवीही पंधरा दिवसांनी हायड्रोमीटर लावणे, ऊर्ध्वपातित पाणी भरणानंतर घालणे आणि पट्ट्याचा ताण पाहणे, एवढी पाहणी पुरते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की साध्या शिसे-आम्लाची बॅटरी, जाड तारा, दाब ओळखणारा रिले, तापमान जाणणारा नियामक आणि छपरावर एखादे पॅनेल, एवढ्या सामग्रीवर आपल्या बहुतेक मासेमारी नौकांचा प्रश्न सुटू शकतो. उणीव सामग्रीपेक्षा ज्ञानाची आणि मोजमापाच्या सवयीची अधिक आहे. मच्छिमार सहकारी संस्थांनी डिझेल आणि बर्फ यांची तरतूद जशी सामुदायिकपणे केली, तशीच एक मीटर, एक हायड्रोमीटर आणि ती वापरू शकणारा एक शिकलेला तरुण प्रत्येक बंदरात ठेवावा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांनी इंजिनाच्या जोडीला हा विषय प्रत्यक्ष कामासह शिकवावा. आणि नाखव्यांना विनंती एवढीच की पुढची बॅटरी विकत घेण्यापूर्वी इंजिन सुरू करून आल्टरनेटरच्या टोकांवर व बॅटरीच्या टोकांवर असा दोन्हीकडे मीटर लावून पाहावा. त्या दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टची तफावत आढळली, तर पैसे आधी तारांवर खर्च करावेत.